वरचा अर्धा मग

मासा ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता आणि बाईंची सुई त्याच्या शेपटीच्या मुळाशी, कण्याच्या खाली, नेमक्या जागी टेकली होती. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात बुडवून काढल्यामुळे तो गुंगीत होता. कल्ल्यांची झाकणे तेवढी झोपेतल्या श्वासासारखी वरखाली होत होती.

"झालं हं, झालं," बाई पुटपुटल्या.

"वहिनी, आता याला हात मुडपून बसायला सांगा," मासा धरून उभा असलेला जाळ्या म्हणाला.

एरवी बाई हसल्या असत्या. सारी नोकरी त्यांनी रुग्णालयात माणसांचे रक्त काढण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर या मत्स्यशेतीवर त्या माशांचे रक्त तपासायला आल्या, पण तोंडातले शब्द तेच राहिले. सुई टोचताना त्या माशालाही धीर देत, आणि जाळी विणणारा, धुणारा, ओढणारा हा माणूस त्यांना त्यावरून रोज चिडवी.

आज त्यांचे लक्ष सुईमागे चढणाऱ्या रक्ताकडे होते. निरोगी माशाचे रक्त दाट असते, सावलीत जवळजवळ काळे दिसणारे. हे पातळ होते. लाल कापड पहिल्यांदा धुतल्यावर बादलीत जे पाणी उरते, त्या रंगाचे. बाईंनी सुई काढली, जागेवर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कल्ल्याचे झाकण उचलले. आतल्या नाजूक झालरी फिक्या पडल्या होत्या, जणू कुणी त्यांच्यातला जीव सावकाश शोषून घेत होते.

"तेच?" जाळ्याने विचारले.

"तेच."

रक्ताचा थेंब त्यांनी केसासारख्या बारीक काचनळीत ओढून घेतला आणि नळी भिंगरीत ठेवली. गरगर फिरवून तांबड्या पेशी तळाशी बसवणाऱ्या त्या यंत्राला इथे सगळे भिंगरीच म्हणत. ती थांबली तेव्हा बाईंनी नळी खिडकीकडे धरली. तळाशी लाल रेघ होती, पण किती आखूड! तिच्यावर पिवळसर पाणीच पाणी.

दारात साहेब येऊन उभे होते. वयाने ते बाईंच्या मुलासारखे, बोलायला मऊ, आणि काळजीत असले की चष्मा सतत पुसणारे. आताही पुसत होते.

"बाई, मला वाटतं संसर्ग आहे. पलीकडच्या तळ्यातलं जाळं न धुता इकडं आलं असणार."

"साहेब, मी जाळं धुतो," जाळ्या म्हणाला. "तान्ह्या पोराचं दुपटं धुवावं तसं धुतो. विचारा कुणालाही."

"मग हे काय आहे?"

जाळ्याच्या हातात अजून मासा होता. त्याने तो हळूच ताज्या पाण्याच्या घमेल्यात सोडला आणि तो सरळ पोहू लागेपर्यंत पोटाखाली तळवा धरून ठेवला.

"उद्या आणखी नमुने घेऊ," साहेब म्हणाले. "तसेच निघाले तर जुन्या शेडकडच्या सगळ्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतील. मासे मारून टाकावे लागतील. बाकीचे वाचवायचे तर दुसरा मार्ग नाही. आणि जाळ्या, तोवर तू घरी थांब. रागानं म्हणत नाही. पण थांब."

जाळ्याने मान हलवली. जाताना त्याने सवयीने बाईंची बादली रिकामी करून पालथी घातली.

*

खोलीत एकट्या राहिल्यावर बाई काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसल्या. माशाच्या तांबड्या पेशीला माणसाच्या पेशीत नसते असे एक केंद्र असते, फळातल्या बीसारखे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा बाईंना उगीच भरून आले होते. एवढ्याशा पेशीने पोटाशी काहीतरी धरून ठेवावे, याचे. आज कितीतरी पेशींची कड विरलेली होती, आणि काही ठिकाणी नुसती बी उरली होती.

जंतूंचा मागमूस त्यांना कुठे दिसत नव्हता.

आणि एक गोष्ट मघापासून मनात नखासारखी टोचत होती. जाळ्याचे जाळे सगळ्याच टाक्यांत पडत असे. रक्त फिके होते ते फक्त जुन्या शेडकडच्या टाक्यांत. नव्या टाक्यांतल्या माशांना बाहेरून पोत्यांत तयार खाद्य येई. जुन्या शेडकडच्यांसाठी कोरडा दाणा इथेच फिरत्या ढोलात घालून, त्यावर हाताने तेल ओतून खाद्य तयार होत असे. तो ढोल फिरवणाऱ्या माणसाला सगळी शेती तेलोबा म्हणत असे.

तेलोबा बाईंचे यजमान होते.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. क्षणभर असेही मनात आले की उद्याचे नमुने उद्याच पाहावेत, आज कशाला. मग टेबलाखाली जाळ्याने पालथी घातलेली बादली दिसली.

हृदयाचे दुखणे झाल्यापासून तेलोबांचे घरातले तेल बाईंच्या हाती होते. डॉक्टरांनी जेवणाला चमचाभर सांगितले होते. बाई चमचा घेत तो तोच, फक्त काठापर्यंत भरत नसत. रुग्णालयाच्या त्या लांब मार्गिकेतल्या बाकावर त्यांनी जो वेळ काढला होता, तो त्यांच्या हातात बसला होता आणि चमचा अर्धा भरला की हात आपोआप मागे येई. समोर उकडलेली भाजी आली की तेलोबांचे नाटक सुरू होई. "ही भाजी आहे की भाजीचा आत्मा?" ते विचारत. "अगं, मला बरं करायचंय की पारदर्शक?" बाई आतून हसत आणि बाहेरून डोळे वटारत. त्या तक्रारीवरच तर घर चालले होते. तक्रार करणारा माणूस जिवंत असतो.

जेवणाच्या सुटीत त्या दोघांचे डबे घेऊन जुन्या शेडकडे गेल्या.

शेडच्या दारातच तेलाचे पिंप उभे होते, झाकण अर्धवट सरकवलेले, दुपारचे ऊन थेट अंगावर घेत. त्यामागे ढोल धीम्या लयीत फिरत होता आणि तेलोबा उजव्या हातातल्या मगाने त्यात तेलाची धार सोडत होते. ती बारीक, अखंड, सोनेरी धार दाण्यांवरून ओघळत जाई आणि दाणे एकेक करून चमकू लागत. बाई दाराशीच थांबल्या. तेलोबांच्या चेहऱ्यावर इतके सुख त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

हातातला मग रिकामा झाला. तेलोबांनी तो पुन्हा पिंपात बुडवला, अर्धा भरला आणि तोही ओतला.

"हा कुठला?" बाईंनी विचारले.

ते दचकले. "कोण? तू होय! लवकर आलीस."

"एक अख्खा मग ओतून झाला होता ना? मग हा अर्धा कुठला?"

"तो वरचा."

"वरचा म्हणजे?"

"वरचा म्हणजे... वरचा. थंडी पडलीय. पाण्यात उघड्या अंगानं राहायचं त्यांनी. जरा अंगात काही जायला नको?" त्यांनी हातातला मग पुसून खुंटीला अडकवला. "बघ तरी कसे गुबगुबीत झालेत. पलीकडच्या टाक्यांतले यांच्यापुढं अगदी वाळके."

"आणि पिंप उन्हात कशाला?"

"गारठ्यानं तेल घट्ट होतं गं, धार धरत नाही. उन्हात ठेवलं की कसं सुटतं."

बाई पिंपाजवळ वाकल्या. जुन्या रंगाच्या डब्याचे झाकण उघडल्यावर यावा तसा उग्र, खवट वास नाकात शिरला. तेलोबांना तो येत नसणार. दिवसभर त्यातच उभे राहणाऱ्याला तो हवेसारखाच.

"कधीपासून घालताय हा वरचा अर्धा?"

तेलोबा खाली बसले. जेवणाच्या डब्याचे झाकण उघडून पाहिले, पुन्हा लावले. आज कुठलाही विनोद सुचला नसावा.

"तू घरी तेल बंद केलंस तेव्हापासून," ते म्हणाले. मग घाईने, "चाखलं नाही हं कधी. शपथ. पण ओततानासुद्धा बरं वाटतं. आपल्याला नाही तर नाही, कुणाच्या तरी तोंडी लागतंय."

ढोल रिकामाच फिरत राहिला होता. बाईंनी उठून बटण बंद केले. त्या शांततेत टाक्यांतल्या हवेच्या नळ्यांची बुडबुड ऐकू येऊ लागली.

रागवावे असे खूप होते. त्यांनी फक्त सांगितले, "जाळ्याला साहेबांनी घरी बसवलंय. रोग त्याच्या जाळ्यातून आला म्हणतात. उद्याचे नमुनेही तसेच निघाले तर इथल्या टाक्या रिकाम्या करणार आहेत."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मी काही म्हटलं नाही अजून. आधी तुमच्याकडं आले."

तेलोबांनी हात पुसले. आधी फडक्याला, मग पॅंटला, मग पुन्हा फडक्याला. तेल असे निघत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? डबा तसाच ठेवून ते उठले आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागले. बाई मागे निघाल्या. रस्ता ओलांडतानासुद्धा त्यांचे मनगट धरण्याची सवय बाईंना जडली होती. आज त्या चार पावले मागेच राहिल्या.

*

"जाळ्याचा काही दोष नाही साहेब," तेलोबा उभ्यानेच म्हणाले. "तेल मी वाढवलं. बाईंनी विचारलं म्हणून कळलं मला, की हे सांगण्यासारखं आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "किती वाढवलंत?"

"माप सांगितलं तेवढं घालत होतो. वर अर्धा मग."

"आणि पिंप दारात उन्हात होतं," बाई म्हणाल्या. "तेल खवट झालंय."

साहेब उठले. मग त्यांनी जुन्या शेडकडच्या टाकीतून एक मासा आणवला आणि बाईंच्या टेबलावर तो उघडला. आतडी चरबीत बुडालेली होती. यकृत सुजून मऊ, पिवळट झाले होते. बोट लावले तर ठसा राही. तेलोबा भिंतीला टेकून पाहत होते. बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या माशाच्या आत असे काही असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

"रक्ताची पेशी असते ना, तिचं कातडं चरबीचंच असतं," साहेब सावकाश सांगू लागले. आवाजात धार नव्हती, आणि तेलोबांना तेच सोसवत नसावे. "मासा जे तेल खातो त्याचंच ते बनतं. तेल चांगलं तर ते लवचीक. खवट तेल आत गेलं की कातडं आतून जळायला लागतं. दाण्यात आपण ई जीवनसत्त्व घालतो, ते हे जळणं थोपवतं. पण तेलच जास्त आणि तेही शिळं, मग ते बिचारं पुरणार कुठं? पेशी फुटतात. रक्त पातळ होतं."

"म्हणजे मी त्यांना..." तेलोबा उघड्या माशाकडे पाहत म्हणाले.

"मग आता तेल बंदच करायचं ना, साहेब?" बाईंनी विचारले.

"नाही, बाई. बंद केलंत तरी मरतील. तेल तोडलं तरी पेशी धड बनत नाहीत. तेल हवंच. ताजं हवं, आणि हवं तेवढं हवं. कमीही नाही."

बाईंनी सुई ठेवायची पेटी उघडली आणि काही न घेता मिटली.

साहेबांनी ठरवले ते असे. टाक्या आत्ताच रिकाम्या करायच्या नाहीत. ताजे तेल, नेमके माप, जीवनसत्त्व थोडे वाढवून, आणि महिनाभर वाट पाहायची. जाळ्याला त्यांनी स्वतः फोन केला. "चुकलो रे. उद्या ये," एवढेच बोलले. मग तेलोबांकडे वळून म्हणाले, "महिन्यानं रक्त सुधारलं नाही, तर मासे मारावे लागतील. आणि मग तुम्हाला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. तोवर ढोलावर दुसरं कुणी उभं राहील. पिंपाला कुलूप लागेल. किल्ली बाईंकडे."

"घरची हिच्याकडंच आहे," तेलोबा म्हणाले. "आता इथलीही." ते हसायला गेले, आणि हसू ओठांच्या कडेलाच विरले.

*

तो महिना बाईंना फार लांब वाटला.

तेलोबा आता जाळ्याबरोबर जाळी धुवत. पहिल्या दिवशी जाळ्याने त्यांना शेजारी जागा करून दिली आणि म्हणाला, "या दादा. इथं वरचा अर्धा मग घाला पाण्याचा, कुणी बोलणार नाही." तेलोबा हसले, पण हात थांबवून. पुढे जाळ्याने तो विनोद पुन्हा केला नाही. कामाच्या मधल्या वेळात ते जुन्या शेडकडच्या टाक्यांच्या कठड्याला रेलून उभे राहत. वर येणाऱ्या माशांची तोंडे उघडत मिटत. ती अजूनही त्यांनाच ओळखत होती. त्यांची सावली पाण्यावर पडली की सगळी त्या बाजूला गोळा होत. तेव्हा तेलोबा दोन पावले मागे सरत.

घरी त्यांनी तक्रार करणे सोडले. समोर येईल ते खात, ताट धुऊन ठेवत. बाईंनी एकदा मुद्दाम भाजीत मीठही कमी घातले. तरी नाही.

"कशी झालीय?" त्यांनी विचारले.

"बरी आहे की."

ते ऐकून बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. इतके दिवस ज्या तक्रारीला त्या डोळे वटारत आल्या होत्या, तीच आता घरात कुठे सापडते का, ते चाचपत बसल्या. माणसाने निमूट जेवावे, याची एवढी भीती वाटेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

मधल्या काळात त्यांनी नमुना घेतला नाही. साहेबांनी सुचवले होते, पण त्याच म्हणाल्या, रक्ताला वेळ द्यावा. खरे म्हणजे वेळ त्यांना स्वतःला हवा होता.

ठरलेल्या सकाळी जाळ्याने जुन्या शेडकडच्या टाकीतून मासा आणला. तो फडक्यात जोराने उसळला आणि दोघांच्याही तोंडावर पाणी उडाले.

"अंगात ताकद आलीय याच्या," जाळ्या म्हणाला. मग लगेच गप्प झाला. नजर लागू नये असा.

लवंगेच्या पाण्यात मासा शांत झाला. बाईंनी सुई टेकवली. "झालं हं," त्या म्हणाल्या, आणि या वेळी ते कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळले नाही. रक्त सुईमागे चढू लागले. हळू चढत होते, दाटपणाने, सावलीत काळपट दिसणारे.

कल्ल्याचे झाकण उचलून पाहण्याचे धैर्य जाळ्याने केले. आत ओल्या, भरल्या लालीच्या झालरी.

"वहिनी."

"थांब. भिंगरी होऊ दे."

आणखी दोन माशांचे रक्त घेऊन झाले. तिन्ही नळ्या फिरत होत्या तेव्हा बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. तेलोबा बाहेर उभे होते. आत यायला कुणी मनाई केली नव्हती, तरी काचेपलीकडेच, ओली जाळी खांद्यावर टाकून, चपलांतून पाणी निथळत.

भिंगरी थांबली. बाईंनी पहिली नळी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीच्या तळाशी लाल रेघ उभी होती. पूर्वी भरभराटीच्या दिवसांत असे तितकी नव्हे, थोडी कमीच. पण ताठ. स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यासारखी.

त्या खिडकीपाशी गेल्या आणि नळी काचेला टेकवून धरली. पलीकडून तेलोबा वाकले. चष्मा नव्हता, म्हणून आणखी जवळ आले. त्यांचे नाक जवळजवळ काचेला लागले. दोघांच्या चेहऱ्यांच्या मध्ये ती केसाएवढी लाल रेघ होती. बाईंनी मान हलवली. तेलोबांनी ती हालचाल एकदा पाहिली, खात्री करण्यासाठी पुन्हा पाहिली, आणि मग खांद्यावरची जाळी तशीच ठेवून तिथल्याच एका पालथ्या बादलीवर मटकन बसले.

"दादा बसले," जाळ्या म्हणाला, आणि मोठ्याने हसला. हसता हसता ओल्या बाहीने डोळे पुसले. ते पाणी माशाने उडवलेले होते की काय, कोण जाणे.

साहेबांनी नळ्या पाहिल्या, काचपट्टी पाहिली, चष्मा पुसला. बाहेर जाऊन ते तेलोबांना म्हणाले, "उद्यापासून ढोलावर या."

तेलोबा उठून उभे राहिले. "येतो साहेब. किल्ली मात्र हिच्याकडंच राहू दे."

"आता गरज नाही तिची."

"मला आहे," तेलोबा म्हणाले.

*

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी बाईंनी ताट वाढले. भाजी उकडलेलीच होती. तेलोबांनी ताट पुढे ओढले, भाजीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले.

"हिला काय झालंय?" ते म्हणाले. "चेहरा इतका पांढरा का? आजारी आहे का भाजी?"

बाईंनी तोंड फिरवले. डोळे वटारायचे त्यांना सुचले नाही. कपाटातून तेलाची बाटली काढली, चमचा घेतला आणि त्या ताटासमोर बसल्या. चमचा अर्धा भरला तसा त्यांचा हात सवयीने मागे आला. त्या थांबल्या. मग बाटली पुन्हा तिरकी केली.

"अगं, पुरे," तेलोबा म्हणाले, आणि ताटावर हात आडवा धरला. "पुरे. मला नको वरचं."

"वरचं नाही," बाई म्हणाल्या. "एवढं तुमचंच आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं. मीच कमी घालत होते."

तेलोबांनी हात बाजूला घेतला.

काठोकाठ भरलेला चमचा बाईंनी भाजीवर कलता केला. दिव्याच्या उजेडात बारीक धार उतरली, पसरली, फिक्या फोडी एकेक करून चमकल्या. धार संपली. चमच्याच्या टोकाशी शेवटचा थेंब फुगून लोंबत राहिला. बाईंनी चमचा झटकला नाही, तेलोबांनी ताट हलवले नाही, आणि तो आपल्या वजनाने खाली पडेपर्यंत दोघेही त्याच्याकडे पाहत बसले.